पाचवा दोरा

बाबा, त्या दुपारी खिळ्यावर पाच दोरे आहेत असं मी तुम्हाला सांगितलं, ते चूक होतं. चारच होते. पाचवा मी आईच्या लोकरीच्या गुंड्यातून कापून टांगला होता. इतकी वर्षं कोणी विचारलं तरी मी पाचच सांगत आले, म्हणून आधी हे दुरुस्त करते.

तुमचं टेबल समोरच्या खोलीत, खिडकीशी होतं. शाळेत सर्किट हा धडा आला त्याआधीच मी ते तिथे शिकले. दवाखान्यातून बिघडलेली कॉटरी मशीन, म्हणजे ऑपरेशनचा विजेवर चालणारा चाकू, आली की तुम्ही तिला थेट प्लगमध्ये लावत नव्हता. आधी सिरीज बोर्डावर, मध्ये शंभर वॅटचा बल्ब घालून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला की आत शॉर्ट नाही. उजळलेलाच राहिला की लगेच बंद. मोठ्या कपॅसिटरला बोट लावायच्या आधी त्यातली वीज काढून घ्यायची, आणि तरी मीटर लावून पाहायचं. तपासताना एखादी तात्पुरती वायर जोडावी लागली, तर तिला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. असे पाच दोरे खिळ्यावर असत. काम संपल्यावर पाचही खिळ्यावर परत आल्याशिवाय झाकण लावायचं नाही. तो मोजायचा मान माझा होता.

त्या दुपारच्या मशीनचा सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, बसला होता. डॉक्टर पॉवर वाढवत, पण चाकूला जोर येत नसे. तुम्ही फुगलेला कपॅसिटर बदलला आणि ओल्या साबणाच्या वडीवर चालवून दाखवलं. मी विचारलं होतं की नॉब पूर्ण फिरवल्यावर पॉवर का मिळत नव्हती. तुम्ही हसलात. "नॉब देत नाई माय, नॉब फक्त मांगते. देनारा सप्लाय हाये. अन् किती द्याचं ते कंट्रोल ठरवते, वापस काय येऊन राह्यलं ते पाहून." मग पेशंटच्या मांडीला चिकटवायची प्लेट दाखवलीत. चाकूतून गेलेला करंट शरीरातून त्या रुंद प्लेटवाटे परत येतो, म्हणून तिथे चटका बसत नाही. पण प्लेट अर्धी उचलली गेली तर सगळा करंट उरलेल्या जागेत गोळा होतो आणि कातडी जळते. कंट्रोल प्लेटवर सारखी नजर ठेवून असतो. ती सुटली की मशीन बंद करतो. टेबलावर पेशंट नव्हता, प्लेट कोणाच्या अंगाला चिकटलेली नव्हती. म्हणून तुम्ही एक वायर जोडून, प्लेट लागलेली आहे असं मशीनला भासवलं होतं. तिला दोरा मीच बांधला.

दवाखान्याचा कंपाउंडर दारात स्कूटर चालू ठेवून उभा होता. तुम्ही आत हात धुवायला गेलात. मी मोजले तर चार. टेबलाखाली पाहिलं, केराच्या सुपलीत पाहिलं. आदल्या आठवड्यात एक स्क्रू हरवला म्हणून तुम्ही मला चांगलंच बोलला होता, आणि हा दोराही केरात गेला असं मी स्वतःला पटवलं. नवीन दोरा फार लाल दिसत होता, म्हणून तो टेबलावरच्या धुळीत चोळला. आतून तुमचा आवाज आला, "हायेत का पाच?" मी म्हटलं, "हायेत, बाबा." झाकण लागलं.

महिन्याभरात निरोप आला की अल्लीपूरकडच्या एका बाईची मांडी भाजली. ऑपरेशनमध्ये प्लेट सुटली होती आणि मशीन बंद झाली नव्हती. तुम्ही मशीन उघडून पाहायला मागितली. डॉक्टरांनी ती कपाटात टाकली आणि नवीन घेतली. घरी येऊन तुम्ही खिळ्यापुढे बराच वेळ उभे राहिलात. एकेक दोरा बोटाने बाजूला करत मोजलात. "पाच तर हायेत," तुम्ही म्हणालात. "मंग माह्याच हातून काही राह्यलं असन. डोये गेले आता." त्यानंतर तुम्ही दवाखान्याची एकही मशीन घेतली नाही. तीन वर्षं मिक्सर, पंखे, आणि मग गेलात.

आता मी जिल्ह्यातल्या लहान दवाखान्यांच्या मशीन तपासत फिरते. बसमध्ये झोप लागते आणि दचकून उठून बॅगेतलं मीटर चाचपते. प्रत्येक झाकण लावायच्या आधी तीनदा पाहते, लोक हसतात. गेल्या आठवड्यात त्याच डॉक्टरांनी बोलावलं. नवीन मशीन बिघडली, म्हणून जुनी कपाटातून काढली होती. चालवायच्या आधी मी उघडली. सप्लायच्या मागे, पट्टीच्या सावलीत, ती वायर होती. दोऱ्याचा रंग विटला होता, गाठ माझीच होती.

डॉक्टर थकले आहेत, पण बोलतात अजून भरपूर. मी मशीन पुसत असताना म्हणाले, "तुमचे बाबा माणूस सोन्यासारखा, फक्त शेवटी नजर गेली बिचाऱ्याची." आणि ती भाजलेली बाई, म्हणाले, अजून सोमवारच्या बाजारात वांगी घेऊन बसते, डाग तसाच आहे, लंगडते थोडी. मी वायर मुठीत धरून होते. "हो डॉक्टर," म्हटलं. मशीन तपासायला म्हणून घरी आणली. आता ती तुमच्या टेबलावर आहे, वायर काढलेली. चालते, बाबा. प्लेट सोडवली की लगेच बंद होते, मी अकरा वेळा करून पाहिलं. रिपोर्टचा कागद भरला आहे. दोषाचं कारण लिहायची जागा तेवढी कोरी आहे. खिळ्यावर सहा दोरे आहेत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही दुरुस्त करते. वायर आतच राहिली हे मशीन उघडली तेव्हा मला कळलं, असं मी दोन पानं तुम्हाला भासवत आले. तसं नाही. तुम्ही खिळ्यापुढे उभे राहून मोजत होता आणि मी मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते, तेव्हाच मला कळलं होतं. ग्लास दिला आणि आत गेले.

कारणाच्या जागी माझं नाव लिहून मी येत्या सोमवारी सकाळी नऊला डॉक्टरांकडे जाईन. तिथून बाजारात, त्या बाईकडे.