जब्बारच्या मळ्यातली भुईफोडं

६ ऑगस्ट १९५०, रविवार

पोचलो एकदाचा! कन्नडपर्यंत मोटार, तिथून पिशोरपर्यंत बैलगाडी आणि पिशोरहून ह्या वाडीपर्यंत कोसभर चिखल. नाशिक सोडून निझामाच्या मुलखात कशाला जातोस, असं आई म्हणत होती. आता तो मुलूख निझामाचा राहिलेला नाही, हे तिला कितीदा सांगितलं. वाडीला मराठी शाळा कधी नव्हतीच. मी इथला पहिला मास्तर.

राहायला पुंजारामच्या घराची पडवी मिळाली. पुंजाराम माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठा. चातुर्मासात वाडीला पोथी वाचून दाखवतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला मान आहे. बायको द्वारकाबाई फार बोलत नाही, पण भाकरी अशी पातळ की नाव घ्यावं. शेजारचा सांडू पुंजारामचा जिवलग, दांडगा आणि हसरा. दोन वर्षांपूर्वी रझाकारांनी त्याचा थोरला भाऊ मारला, असं कळलं. मी हळहळलो तर त्याने चुन्याची डबी पुढे केली आणि बैलांचं बोलणं काढलं.

१३ ऑगस्ट, रविवार

आज दोघांनी मला भुईफोडं हुडकायला नेलं. आपल्याकडे अळंबी उगवते ती जमिनीवर. ही जमिनीखालीच वाढतात, लिंबाएवढी, कधी पेरूएवढी. वरून काही दिसत नाही. माती फक्त किंचित फुगते आणि तडकते. मी खाली वाकून डोळे फाडून बघत होतो. सांडू हसून म्हणाला, "मास्तर, डोळ्यानं नाय, पायानं हुडका. भुई मऊ लागली की थांबा." चपला काढून चाललो, तेव्हा कुठं तीन सापडली. त्यांनी टोपलंभर काढली.

प्रत्येक गाठ पुंजाराम उभी चिरून बघत होता. आत सारखं पांढरं असलं तर खायचं. आत मिटलेल्या छत्रीची आकृती दिसली तर ते भुईफोड नव्हे, विषारी छत्रीचं पिल्लू. वरून दोन्ही अगदी सारखी. असं एक त्याने मला दाखवलं आणि लांब भिरकावलं. "ह्याचं औषध नाय," म्हणाला.

संध्याकाळी द्वारकाबाईने कांदा, तीळ आणि लाल मिरची घालून कालवण केलं. मटणाच्या तोंडात मारेल अशी चव. इतकं हसून जेवल्याला किती महिने झाले असतील!

१५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी झेंडावंदन, मुलांना गूळ. दुपारी एकटाच भुईफोडं हुडकायला निघालो. ओढ्यापलीकडे एक पडीक मळा आहे. तिथं कमरेएवढं गवत, आणि मधोमध मोकळी गोल जागा, आठदहा हात रुंद. पाय टाकला तर भुई गादीसारखी दबली. उपरण्यात नि पिशवीत मावेनात इतकी भुईफोडं निघाली, नारळाएवढी सुद्धा!

मोठ्या ऐटीत घरी आणून ओतली. पुंजारामचं तोंड उतरलं. कुठून आणली ते विचारलं, आणि सगळी उकिरड्यावर नेऊन पुरली. जब्बारच्या मळ्यातलं कोणी खात नाही, एवढंच बोलला. एक माझ्या पिशवीत राहून गेलं होतं.

१६ ऑगस्ट

जब्बार कोण म्हणून विचारलं. पुंजाराम म्हणाला, तो पोरंबाळं घेऊन हैदराबादला गेला. सांडू म्हणाला, पाकिस्तानला. द्वारकाबाईला विचारलं तर तिने मळलेलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

रात्री पिशवीतलं ते भुईफोड चिरलं. सुरी मध्येच अडली. आत हिरव्या बांगडीचा तुकडा होता. गाठ त्याच्याभोवतीच वाढलेली. तुकड्याचा बाक पाहिला. बांगडी सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातची असावी.

१७ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर पुन्हा मळ्यात गेलो. ती गोल जागा म्हणजे विहीर आहे. कडेचं दगडी बांधकाम गवतात तसंच आहे. विहीर कोणीतरी बुजवली आहे. पाण्याची विहीर कोण बुजवतं?

हाताने वीतभर उकरलं. केस लागले. लांब, वेणी घातलेले. पुढे उकरवलं नाही.

१८ ऑगस्ट

पुंजाराम बाहेर गेल्यावर द्वारकाबाईला बांगडीचा तुकडा दाखवला. तिने तो पदराने पुसला. "आबेदाची," म्हणाली. जब्बारची मुलगी. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यात जब्बार, त्याची बायको आणि ती मुलगी, तिघांनाही. जब्बार रझाकार नव्हता. उलट रझाकार आले तेव्हा पुंजारामची जित्राबं त्यानेच आपल्या गोठ्यात लपवली होती. कोणी मारलं, हे ती सांगेना. मला वाटतं, बाहेरची टोळी असेल. त्या दिवसांत अशा टोळ्या हिंडत होत्या, असं ऐकलं आहे.

१९ ऑगस्ट, शनिवार

कन्नडच्या पोलीस ठाण्याला सविस्तर पत्र लिहिलं. सांडू पिशोरला निघाला होता, त्याच्याकडे टपालात टाकायला दिलं. शाळेचं आहे म्हणून सांगितलं. त्याने पाकीट खिशात जपून ठेवलं. मन हलकं झालं.

२१ ऑगस्ट, सोमवार

कालपासून दोघे पुन्हा पहिल्यासारखे हसून बोलत आहेत. काल मुद्दाम बोलावून भुईफोडं हुडकायला नेलं. आज संध्याकाळी कालवण झालं. दोघांना श्रावणी सोमवार, म्हणून मी एकटाच जेवलो. आज वाढायला स्वतः पुंजाराम. आग्रह करकरून वाढलं. द्वारकाबाई उंबऱ्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. उपासाने डोकं दुखत असेल.

२२ ऑगस्ट

पहाटेपासून उलट्या, जुलाब. पोटात कोणी पिळा घालतंय असं. लिहवत नाही.

२३ ऑगस्ट

बरं वाटतंय! उलट्या थांबल्या. वाटीभर पेज घेतली, भिंतीला टेकून बसलो. उद्या शाळा उघडणार.

सांडू डोकावला. मला बसलेला पाहून दारातच थबकला. "उठलात व्हय?" म्हणाला. मग पुंजारामशी बाहेर बराच वेळ बोलत होता. पुंजारामचं एक वाक्य ऐकू आलं — असंच असतंय, एक दिवस बरं वाटतंय.

हे त्याला कसं ठाऊक?

२४ ऑगस्ट

डोळे पिवळे. नखं पिवळी. उजव्या कुशीत निखारा.

पाणी द्यायला द्वारकाबाई आली. तिनेच सांगितलं. पत्र टपालात गेलंच नाही. पुंजारामने ते पोथीसारखं सांडूला मोठ्यानं वाचून दाखवलं. चुलीत घातलं. त्या उथळ विहिरीत तिघांना टाकलं ते ह्या दोघांनीच. सांडूला भावाचा सूड हवा होता, तो कोणावर का होईना. पुंजारामला मळा हवा होता. दिवाळीनंतर तो त्याच्या नावावर चढायचा आहे.

आबेदा जिवंत होती, म्हणाली. वरून दगड पडेपर्यंत हाका मारत होती. द्वारकाकाकू म्हणून.

मी विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हणाली, "घरात व्हते. दार लावून घेतलं."

बहुधा २५

नाकातून रक्त थांबत नाही. अक्षर — हात —

पुंजाराम येऊन गेला. औरंगाबादेला छावणीतल्या दवाखान्यात नेतो म्हणाला. गाडीत गवत अंथरलंय. खिडकीतून दिसतंय. सांडूने पहार ठेवली गाडीत. मग फावडं. दवाखान्यात फावडं —

ओरडलो. आवाज निघत नाही.

द्वारकाबाई आत आली. म्हटलं, वहिनी, एवढी वही पिशोरला कोणाच्याही हाती — कोणाच्याही. वही पदराखाली घेतली. मग परत माझ्यापुढे धरली. रडत होती. "माझं नाव कुठं आलं आसंल तर खोडा, मास्तर. मग देते. नायतर मला बी त्याच इहिरीत —"

वाचता येत नाही तिला. पान दाखवून विचारते, हे हाय का? हे?

खोडतो म्हटलं. दमानं. पहिल्या पानापासून.

बैल जुंपले. घुंगरं वाजतायत.

डोळ्यांपुढे अक्षरं — पहिलं पान — भाकरीची ओळ — सापडली. तिचं नाव. खोड