अनीसाचे तांदूळ

रोहा,
१६ नोव्हेंबर

प्रिय अब्बास,

तू सलाम म्हणणार, मी नमस्कार. चाळीस वर्षांत दोघांपैकी कोणी सुधारलं नाही, तेव्हा आपापलं घे. इकडे भातकापणी उरकत आलीय. माझे गुडघे कुरकुरतात. नववीतल्या मुलांच्या विभक्तिप्रत्ययांबद्दल मी आता देवाकडेही तक्रार करत नाही.

आमच्या सुरभीने आणि तुमच्या मोहल्ल्यातल्या अदनानने शाळेमागच्या खोलीत धान्यघर काढलंय, हे तुला ठाऊक आहेच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांचं काम हंगाम सरला की थांबतं. अशा घरांना तांदूळ, डाळ, तेल. मी त्याला ‘अन्नसत्र’ म्हणून पाहिलं. लेक म्हणाली, “बाबा, बारसं नको, फक्त यादी तपासा. तुम्हाला घरन्‌घर माहीत आहे.”

तसं मलाही वाटत होतं.

अनीसा गेली त्या दिवशी तू फोनवर विचारलंस, “रघू, एकाएकी कशी रे गेली बहीण माझी?” मी म्हटलं, साखर उतरली. डॉक्टरांनी तेच लिहिलंय. मग रेंज नसल्याचं सांगून मी फोन ठेवला. रेंज होती.

अदनानने तिचं नाव यादीत घातलं होतं. मी ते खोडलं. म्हटलं, भाऊ शारजाला, घराला टाइल्स, हिला कशाला? तो म्हणाला, “सर, दोन दिस झाले, तिच्या घरात कुकरची शिट्टी वाजली नाय.” मी म्हटलं, “तू कान लावतोस की पंचनामा करतोस?” पोरं हसली. अदनान हसला नाही.

तुझी नोकरी जूनमध्येच गेली, हे तू मला सांगितलं नाहीस. तिनेही नाही. हे दोष द्यायला लिहीत नाही. तो सगळा इकडेच लागणार आहे.

गुरुवारी ती स्वतः आली. हातात घडी केलेली रिकामी पिशवी. ओट्यावर दहा-बारा माणसं. मी मोठ्याने म्हणालो, “या, शारजाच्या राणीसाहेब! आज काय देणगी आणलीत?”

ती हसली. अब्बास, मी तेवढंच पाहिलं. “व्हय, आणते की रघूभाय,” म्हणाली, आणि घरी जाऊन त्याच पिशवीतून दीड किलो तांदूळ घेऊन आली. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

रविवारी सकाळी ती उठली नाही. आलेल्या माणसांसाठी चहा ठेवायला सुरभी आत गेली, तर तांदळाचा डबा धुऊन पालथा घातलेला. डायबेटिसच्या गोळ्या मात्र शनिवारपर्यंत वेळच्या वेळी घेतलेल्या. रिकाम्या पोटी.

आता पोरांनी यादी फाडलीय. साऱ्या गावाने सारख्याच पिशव्या घेऊन यायचं, खोलीत एकेकट्याने जायचं. ठेवायचं की उचलायचं, ते ज्याचं त्याला. दाराशी कोणी उभं राहायचं नाही. विशेषतः मी. अदनानने हे मला फार अदबीने सांगितलं.

अनीसाची ती तांदळाची पिशवी वाटपात गेली नाही. माझ्या कपाटात आहे. कंपनीकडे अडकलेले तुझे कागद सुटले आणि तिच्या चाळिसाव्याला आलास, तर त्या तांदळाचा भात लाव. मला पानावर बसवायचं की नाही, ते तू ठरव. मी बाहेर ओट्यावर थांबेन. बोलणार नाही.

तुझ्या बहिणीला हसवून परत पाठवणारा,
रघू