मारफाआजीच्या पावावर कावळा

ती. आईस, हौसाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. माझं बरं आहे, पाय आता सुजत नाहीत.

इथे परदेशात मी पगारावर सांभाळायची ती मारफाआजी गेली. आदल्या दिवशी सूप सांडलं म्हणून मी तिच्यावर खेकसले होते. तेच टोचत होतं.

काल सहा आठवडे झाले. तिचे दुखोबोर नावाच्या रशियन ख्रिस्ती पंथाचे लोक शेतातल्या दफनभूमीत जमले. मांसमच्छी न खाणारी माणसं. थडग्यापाशी पाव, मीठ, पाणी मांडून रशियन भजनं म्हणाले. तेवढ्यात पावावर कावळा बसला. तिचा मुलगा हाकलायला धावला, तशी मी ओरडले, "स्टॉप! ममा ईटिंग!"

मुलगा जागीच थांबला. कावळ्यानं पोटभर खाल्लं. म्हणजे तिचा राग नाही.

गोळ्या घेतेस ना? परवा फोनवर तुझ्यावरही खेकसले. तू मात्र आत्ताच माफ कर, कावळ्यावर ठेवू नको.

तुझीच तोंडाळ,
हौसा