न्हाणीघरातला यतिभंग

मंगळवार, ४ मार्च
टक्, टक्, टक् — कवितेच्या तासाला मास्तर मेजावर पट्टी आपटून लय धरायचे, तोच आवाज आज शॉवरखाली ऐकू आला. अंगाला साबण तसाच. डोळे मिटून तीन कडवी मनात म्हणून झाली. मग लक्षात आलं — नळाजवळची टाइल पाण्याच्या धारेने हलतेय!
बोटाने वाजवून पाहिल्या. नळाभोवतीच्या सगळ्या पोकळ. तपासनीस आले की नुसते ओठ हलवणाऱ्या पोरांसारख्या.
लेकीला फोनवर सहज बोलून गेलो. "कोणाला बोलावू नका बाबा. हा येऊन करून देईल." हा म्हणजे आमचे जावईबापू.

रविवार, ९ मार्च
जावईबापू आले. गुडघ्यांना पट्टे, हातात मोजे, कपाळावर दिवा. खाणीत उतरायचं होतं की काय कोण जाणे. साबणाच्या जागी मोबाइल टेकवला. त्यातला माणूस सांगणार आणि हे करणार.
"भिंत ओली आहे," मी म्हटलं. "आधी वाळू द्या."
"बाबा, हे केमिकल ओल्यावरही धरतं."
पिळली नळी, चिकटवल्या टाइल्स. एक सांधा बोटभर, दुसरा केसाएवढा. यती, म्हणजे ओळीतला थांबा, नको तिथे घेतलेला, हवा तिथे गाळलेला! असं वाचणाऱ्याला मास्तर तास संपेपर्यंत बाकावर उभं करत.
जाताना स्वतःच्या कामाचा फोटो काढून घेतला. अनेक कोनांतून.

मंगळवार, ११ मार्च
पडल्या! दोन. अंघोळ चालू असताना. एक तर अंगठ्यापासून वीतभर अंतरावर.
लिहायला हरकत नाही — आनंद झाला. टॉवेल गुंडाळून लेकीला फोन लावला आणि तिच्या नवऱ्याच्या कामगिरीचं साग्रसंगीत वर्णन केलं. वाटलं, हसेल.
ती म्हणाली, "डोक्यात पडली असती म्हणजे? बास झालं आता एकटं राहणं. खोली तयारच आहे. तेवीस तारखेला गाडी घेऊन येते."
गेलो जावयाची फजिती करायला आणि काढून बसलो स्वतःच्याच बदलीची ऑर्डर.

बुधवार, १२ मार्च
ती खोली मी पाहिलीय. खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी. तिथे मोठ्याने कविता म्हणायची सोय नाही — नातीची परीक्षा असते, वर्षभर. "बाबा, जरा हळू." टीव्ही हळू, दार हळू, खोकला हळू. इथे मी भिंतींना ऐकवतो. भिंती तरी मध्येच घड्याळ बघत नाहीत.
नाही जायचं. भिंत धड करून दाखवतो. मग बघू कोण कसं नेतं.
छिन्नी सापडली.

शुक्रवार, १४ मार्च
पोकळ टाइल्स सगळ्या उतरवल्या. मागचं जुनं सिमेंट खरवडलं, भिंतीला टोचे मारले, समोर पंखा लावून ठेवला. अंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीत. पाठ भांड्यांच्या रॅकला लागते.
जावयांचा फोन. "बाबा, प्रायमर मारलात का?"
"तुमच्या मोबाइलातल्या माणसाला विचारून कळवा," म्हटलं आणि ठेवला.

सोमवार, १७ मार्च
भिंत कोरडी ठणठणीत. सिमेंट कालवलं, टाइल्स बसवल्या. सांध्यांत आगपेटीच्या काड्या — सगळे सारखे. एक टाइल उलटी लागली, फुलाची मान खाली. राहू दे. चांगल्या कवितेतही एखादा शब्द वृत्तासाठी वाकलेला असतो.
खांदा काम देत नाही. हे कोणाला सांगायचं नाही.

गुरुवार, २० मार्च
शॉवर घेतला. एक टाइल हलेल तर शपथ! लेकीला फोटो पाठवला.
उत्तर आलं: "छान बसल्यात. पण प्रश्न टाइल्सचा नाहीच आहे बाबा. रविवारी दहाला येते."
मग इतके दिवस मी काय भिंतीवर डोकं आपटत होतो?

शनिवार, २२ मार्च
बॅग भरली. पुस्तकं मावेनात म्हणून स्वेटर काढले.

रविवार, २३ मार्च
दहाला बेल. दारात जावई, एकटेच. हातात कपड्यांची बॅग.
"गाडी खाली आहे का?" मी विचारलं.
"ती येत नाहीये." चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी तिला म्हटलं, राहू दे की त्यांना त्यांच्या घरात. काल रात्रभर भांडण झालं. शेवटी म्हणाली, एवढा पुळका असेल तर तूच जा, तूच लक्ष ठेव त्यांच्यावर." मग बॅग खाली ठेवून, "थोडे दिवस राहू का, बाबा?"
माझी बॅग पायानेच दाराआड सरकवली.
"या," म्हटलं. "पण भिंतीला हात लावायचा नाही."