‘फा’ माविया म्हणेल

पा,

तुम्ही वरच्या आळीतल्या दुःखाच्या घरी सांत्वनाची गाणी म्हणून परत याल, तोवर आम्ही चर्चमध्ये असू. डुकराचं मटण चुलीवर आहे, भात झाकून ठेवलाय.

आज आमच्या तरुण गटाचा खेळ आहे. सात जणांना डो, रे, मी, फा असे सात सूर वाटून दिलेत. आपला सूर आला की उठून तेवढाच म्हणायचा. मग चिठ्ठीत निघेल तो शब्द त्याच सुरात बसवायचा. काल सरावात रुआती ‘कोबी’वर अशी अडकली की सगळे हसून लोळलो.

‘फा’ मी तुमच्या लेकाला, मावियाला दिलाय. आयझॉलच्या व्यसनमुक्ती केंद्रातून तो आल्यापासून तुम्ही त्याच्याकडे साधं मीठसुद्धा मागत नाही, म्हणून तुम्हाला विचारलं नाही. थांगाकाका म्हणाले, “पोरी, इतक्यात त्याला पुढे करू नकोस. लोक बोलतील.” मी म्हटलं, “बोलू देत काका, सुरात बोलले म्हणजे झालं.” ते गाऱ्हाणं घेऊन तुमच्याकडे येतीलच. त्यांना सांगा, मावियाचं नाव खेळातून काढायचं तर आधी रेमपुईचं काढा. एक सूर गप्प बसला की अख्खी ओळ पडते, हे मला तुम्हीच शिकवलंत.

चर्चचा ढोल तुमच्याशिवाय कुणी वाजवत नाही. आजही कुणी हात लावणार नाही. तुम्ही आला नाहीत तर आम्ही बाकांवर ठेका धरू.

जेवून या. ढोलाची काठी दाराशी ठेवलीय. तिच्या टोकाचं फडकं सुटलं होतं, ते मावियानं सकाळी नवं गुंडाळलंय.

रेमपुई