निळ्या गाडीच्या कागदातली एक ओळ

सोलापूर, १२ मार्च १९३४

प्रिय रुद्रप्पा,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पत्र चुलीत घालशील, असं माझी केराबाई म्हणते. घाल, पण वाचून घाल. माझ्या डोक्यात नुसता गुंता झालाय आणि तो सोडवणारा तुझ्याशिवाय दुसरा कोणी नाही.

आपली निळी विकली जाते आहे. हैदराबादचे एक बॅरिस्टर घेताहेत. शर्यतीच्या अशा गाड्या सगळ्या हिंदुस्थानात तीनच, म्हणून त्यांना गाडीबरोबर तिचा लेखी इतिहास हवा. मालक कोण कोण झाले, शर्यती कुठे झाल्या, अपघात कशाने झाला, सगळं. रावजी जहागीरदारांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. ड्रायव्हर मी, तेव्हा लिहिणार मी आणि खाली सहीही माझीच.

सुरुवात झकास झाली. पंचवीस साली गिरणीतल्या इंजिनिअर साहेबाने ती फ्रान्सहून मागवली, स्टेशनावर लाकडी खोक्यात उतरली तेव्हा खोक्याचे खिळे तूच उपटलेस, हे लिहिलं. साहेब विलायतेला परतताना जहागीरदारांनी ती घेतली, चालवायला मला आणि इंजिनाला तुला ठेवलं, हेही लिहिलं. पुण्याची शर्यत आपण जिंकली तेव्हा वाटेत पेट्रोलची नळी गळू लागली आणि तू कमरेचा करगोटा तोडून ती बांधलीस. ते लिहिलं, बॅरिस्टर हसतील म्हणून खोडलं, मग पुन्हा लिहिलं. त्या करगोट्याशिवाय आपण कुठले जिंकतोय!

मग आली अठ्ठावीसची होटगी रस्त्यावरची शर्यत, आणि लेखणी अडली. जहागिरीच्या दप्तरात त्या शर्यतीपुढे एकच ओळ आहे: 'मेकॅनिक रुद्रप्पा याने भलतेच ओरडून घात केला.' तीच उतरून काढायची आहे. म्हणजे आता ही गाडी जिथे जाईल तिथे तुझं नाव असंच जाणार.

ती ओळ माझ्याच तोंडची, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या मोटारीचा फुफाटा एवढा उडाला होता की मला रस्ता दिसेना. तू डावीकडून बाहेर वाकून वाट बघत होतास आणि एकाएकी ओरडलास, "एडकं! एडकं!" निदान मी तसं ऐकलं. सांगोल्याकडे मेंढरांत वाढलेला मी धनगराचा पोर, एडका म्हटल्यावर मला मेंढ्याशिवाय दुसरं काय सुचणार? कळप आडवा आला असं समजून ब्रेक मारला आणि गाडी उजवीकडे ओढली. रस्ता वळत होता डावीकडे. आपण गेलो चरात. तुझा हात मोडला, आणि तू दवाखान्यातून बाहेर येण्याआधीच जहागीरदारांनी तुला काढून टाकलं. दुसऱ्या पार्टीने तुला फोडलं, असं लोक बोलले. मी गप्प बसलो.

गेल्या महिन्यात केराबाईला घेऊन स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला गेलो होतो. बाजारात दोन बैलगाड्या समोरासमोर अडकल्या आणि एक गाडीवान दुसऱ्यावर खेकसला, "एडक्क! एडक्क!" मी चटकन मागे वळून मेंढरं शोधू लागलो. मेंढरं कुठली तिथे? समोरच्याने बैल डावीकडे घेतले. पानवाल्याला अर्थ विचारला, तर त्याने हसत आपला डावा हात वर केला. रुद्रप्पा, एडक्क म्हणजे डावीकडे! तुझं गाव तिथून चार कोसांवर, पण यायचा धीर झाला नाही.

तुझ्या कानडीतलं मला 'बा' म्हणजे ये आणि 'होगु' म्हणजे जा, एवढंच कळायचं, आणि माझ्याशी तू कायम मराठीच बोलायचास. मग त्या दिवशी घाबरून तुझी घरची भाषा तोंडात आली का? की तू खरोखरच एडकं म्हणालास आणि मीच आता ओढूनताणून जुळवतो आहे? सकाळी एक ऐकू येतं, दुपारी दुसरं. शेवटी केराबाई वैतागली. "माझं डोस्कं कशापायी खाताय? त्येस्नीच इचारा की! त्येंचं गाव काय लई लांब हाय व्हय?"

म्हणून लिहायला बसलो. इतिहासात त्या शर्यतीपुढची जागा मी कोरी ठेवली आहे. तू डावीकडे म्हणाला असशील तर चूक माझी, आणि ती माझ्या नावाने लिहून सही करीन. मग जहागीरदार मला ठेवोत नाहीतर हाकलोत. पण एक गोष्ट गुंत्यातली नाही, ती सरळ सांगतो. धुरळा खाली बसला तेव्हा रस्त्यावर एकही मेंढरू नव्हतं, हे मी त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुला विचारायला दवाखान्याच्या दारापर्यंत आलोही होतो. तू काय म्हणालास ते कळलं, तर तुझ्या जागी माझी नोकरी जाईल, या भीतीने तिथूनच परत फिरलो. आज विचारतो आहे. काय म्हणाला होतास, रुद्रप्पा?

तुझाच,
मायाप्पा