अंगणात आखलेली गाडी

बा,

काल तुझ्याच अंगणात मी एक गाडी आखली. चुन्याची फक्की, सुतळी आणि चार खुंट्या, एवढंच सामान. माझी लेक, तुझी नात, पुढच्या महिन्यात आम्हाला न्यूझीलंडला नेते आहे, आणि तिथे तिने हॉटेल घेतलेलं नाही, घरासारखी गाडी भाड्याने घेतली आहे. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, नळ. दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या ठरलेल्या जागी थांबून रांधायचं. तुझ्या जावयाने यवतमाळच्या आरटीओतून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला आणि तो दाखवायला शेजारच्या तीन घरी जाऊन आला. ऑफिसात मी सांगितलं तेव्हा बाया खुर्च्या ओढून माझ्याभोवती बसल्या, मोबाइलवरचे फोटो एकमेकींना दाखवू लागल्या. मॅडमची हौस दांडगी आहे, म्हणाल्या. मी हसले, आणि हसताहसता पाहिलं तर तू टेबलाच्या पलीकडे उभा होतास. खांद्यावर तेलकट फडकं, हातात हातोडी, तोंडात दोन खिळे. तेव्हापासून तू असाच येतोस. मी बॅगा भरते, तू उभा असतोस. मी डाळ-तांदळाच्या पुड्यांची यादी करते, कारण तिथे खाण्याचं सगळं कागदावर लिहून द्यावं लागतं, तर तू वाकून यादी पाहतोस. बोलत काहीच नाहीस, आणि मला भीती त्याचीच वाटते.

गाडीत कोण कुठे झोपणार ते आधी आखून पाहू, असं मीच म्हणाले. ही कल्पना कुठून आली ते कोणाला सांगितलं नाही. यवतमाळच्या घराला अंगण नाही, म्हणून रविवारी सकाळी सगळे तांड्यावर आलो. याडी, चारचौघांत मी जिला आई म्हणते, ओट्यावर बसून पाहत होती. मी पावलं मोजत फक्की सोडत गेले, दार कुठे, शेगडी कुठे, सगळं झरझर आखलं. तुझ्या जावयाने टेप लावला आणि डोक्याला हात लावला. पुस्तिकेत गाडी तेवीस फूट लांब आहे, हे तर दहा बाय सहा झालं, म्हणाला. लेक हसायला लागली, आई, यात तर आपण लोणच्याच्या फोडींसारखे भरले जाऊ. मी मात्र तो आकडा मनात पुन्हा म्हणाले. दहा बाय सहा. तुझ्या मालाच्या टेम्पोचा मागचा हौदा.

तू राखेने आखलं होतंस. मी आठवीत, दारव्ह्याच्या शाळेत. कापसाची भाडी संपत आली होती आणि तू ठरवलं होतंस की या उन्हाळ्यात घरच्यांना समुद्र दाखवायचा. आपल्यापैकी कोणीच तो पाहिला नव्हता. आठवडाभर तू फळ्या ठोकत होतास. हौद्यात झोपायला फळ्यांचे माचे, वर ताडपत्री, कोपऱ्यात स्टोव्ह ठेवायला खाचा केलेली फळी, आणि पाण्याच्या पिंपाला बसवलेला पितळी नळ. तो नळ तू दिवसातून चारदा सोडून दाखवायचास. मग चुलीतली राख आणून तू अंगणात हौदा आखलास आणि आम्हाला त्यात झोपायला लावलंस. मधे याडी, तिच्या कडेला मी, पलीकडे लहाना भाऊ. "दारात मी," म्हणालास आणि खरंच आडवा पडलास. याडी पदर तोंडाला लावून हसत होती. तिला मी तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि एक म्हणाली, म्हणजे लमाणांचा तांडा निघाला म्हणायचा. बस, एवढंच. संध्याकाळी तू एकटाच अंगणात रेघा नीट करत होतास. मी दप्तरही उतरवलं नाही. घरात आपण गोरबोलीत, आपल्या लमाणी बोलीत, बोलायचो, पण ते मी तुला मुद्दाम शाळेतल्या मराठीत सांगितलं, की लमाणांसारखी रस्त्यावर चूल मांडायला मी येणार नाही. आणि पायाने राखेची रेघ फिसकटली, जिथे तू झोपला होतास तीच. तू माझ्याकडे पाहिलंस. "बरं बाई," एवढंच म्हणालास. रागावला असतास, एक थोबाडीत दिली असतीस, तर मी आतापर्यंत विसरले असते.

जेवताना तू याडीला सांगितलंस की इंजिनाचं मोठं काम निघालं, समुद्र राहिला. फळ्या निघाल्या. त्याच फळ्यांवर आजही याडीचे डबे आहेत, खिळ्यांची भोकं तशीच. त्यानंतर याडीने तुला त्या इंजिनावरून किती बोल लावले, सोयऱ्यांसमोर, लग्नाकार्यात. तू मिशीत हसून ऐकून घ्यायचास. काविळीने गेलास तोवर पाच वर्षं ऐकलंस. त्या पाच वर्षांत एकदाही मी तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते, बा, अजून वाटते.

आणि आता याडी यायला तयार नव्हती. पासपोर्टचा फोटो हौसेने काढला होता तिने, पण व्हिसा हातात आला आणि ती फिरली. ज्यानं फळ्या ठोकल्या त्यानं समुद्र पाहिला नाही, मी कशाले पाहू, हेच धरून बसली होती. लेकीने समजावलं, तुझ्या जावयाने समजावलं. आज तिकीट पक्कं करायचं होतं, नाहीतर ती मागे राहणार होती. काल त्या छोट्या चौकटीकडे पाहून ती पुन्हा म्हणाली, त्याच्या इंजनानं घात केला. तेव्हा मी तिच्या पायाशी जाऊन बसले आणि सांगून टाकलं. इंजिन धड होतं, रेघ मी पुसली होती, सगळं. तुझा जावई टेप गुंडाळत राहिला आणि लेक माझ्याकडे पाहत राहिली.

याडी जराही दचकली नाही. "इंजन बिघडलं होतं तं दुसऱ्या दिवशी तुया बा भाडं घेऊन मारेगावले कसा गेलता?" म्हणाली. "राख फिसकटलेली म्या पाह्यली. पाय लहान होता."

मग त्याला एवढे बोल का लावले, मी विचारलं.

"मी इंजनाले बोलत राह्यली म्हणून तुले कोनी काही इचारलं नाही. त्यालेबी तेच पाह्यजे होतं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू कवा सांगतं त्याची वाट पाहून राह्यली होती. लय वर्सं लावली तू."

ती उठली, लुगडं सावरलं, आणि हळूहळू जाऊन त्या दहा बाय सहाच्या चौकटीत मधोमध आडवी झाली. दारात कोण झोपते, तिने विचारलं. मी म्हणाले, मी. आणि जाऊन पडले तिथे, फक्कीवर गाल टेकून. तंबाखूचा आणि डिझेलचा वास आला, बा, तुझ्या सदऱ्याचा, इतक्या जवळून की मी डोळे उघडले नाहीत. तुझ्या जावयाने नंतर तेवीस फुटांची चौकट वेगळी आखली. ही तशीच ठेवली आहे.

आज याडीचं तिकीट पक्कं झालं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, डब्यांच्या फळीमागे ठेवून देईन. एक तेवढं राहिलं आहे. अशी गाडी आमच्या घरी आधी होती, माझ्या बापाने स्वतःच्या हाताने केली होती, हे ऑफिसात मी अजून सांगितलेलं नाही. आजही फोटो पाहायला बाया जमल्या होत्या. उद्या सांगेन, असं लिहिणार होते, पण तुला खोटं लिहवत नाही.